जुन्या मालावरचा साठवणूक आकार : माल परत आणावा की तिथेच ठेवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळीच्या तयारीने तुम्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सोलापूरहून ऑनलाइन बाजारपेठेच्या भिवंडीतल्या गोडाऊनला डबलबेड चादरी आणि टर्किश टॉवेलचे सेट पाठवले. जानेवारी संपत आला तरी चादरीचे १६० नग आणि टॉवेलचे २२० सेट तिथेच पडून आहेत, आणि आता सेलर पॅनेलवर, म्हणजे तुमच्या विक्रेता खात्याच्या पानावर, सूचना आली आहे की १८० दिवसांहून जुन्या मालावर नेहमीच्या भाड्याखेरीज वेगळा आकार (शुल्क) लागेल. सगळा माल परत मागवावा, भाव पाडून संपवावा, की तिथल्या तिथे नष्ट करायला सांगावे, असे तुम्ही विचारले आहे.

या प्रश्नात मला खटकतो तो ‘सगळा माल’ हा शब्दप्रयोग. तुमच्या १६० चादरींत पाच नक्षी आहेत असे तुम्हीच लिहिले आहे, आणि त्यांतली एखादी नक्षी महिन्याला डझनभर जात असेल तर दुसरी दोन नगांवर अडकलेली असेल. या दोघींना एकच निर्णय लावला तर एकीकडे चालता माल विनाकारण परत येतो आणि दुसरीकडे न चालणारा माल सवलतीच्या आशेवर आणखी काही महिने भाडे खात बसतो. म्हणून खरा प्रश्न असा मांडावा लागेल : प्रत्येक नक्षीचे नेमके किती नग तिथे ठेवणे परवडते आणि किती परत आणणे परवडते? हा आकडा काढता येतो आणि त्यासाठी वही-पेन पुरते.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही कोणत्या ऑनलाइन बाजारपेठेवर विकता ते लिहिलेले नाही, आणि दर, वयाची मर्यादा व आकारणीची तारीख प्रत्येक ठिकाणी वेगळी असते व बदलतही असते. ॲमेझॉनकडून अमेरिकेत पूर्वी हा आकार वर्षातून दोनदा, १५ फेब्रुवारीला आणि १५ ऑगस्टला लावला जात असे. २०१८ मध्ये तो दरमहा लावायला सुरुवात झाली. त्यामुळे कोणा ओळखीच्या व्यापाऱ्याने दोन वर्षांपूर्वी सांगितलेला दर धरून हिशेब करू नका, आजच्या तारखेचा दर स्वतःच्या पॅनेलवर उघडून पाहा. माल परत मागवण्याचा अर्ज दिल्या दिवसापासून जादा आकारणी थांबते की माल प्रत्यक्ष बाहेर पडेपर्यंत ती चालू राहते, हेही तिथल्या मदत विभागाला लेखी विचारून घ्या, कारण आकारणीची तारीख जवळ आलेली असताना याच एका उत्तराने तुमचे काही हजार रुपये वाचू शकतात किंवा जाऊ शकतात.

आता हिशेब. साठवणुकीचे भाडे घनफुटावर असते आणि एका घनफुटात २८,३१६ घन सेंटिमीटर मावतात. चादरीची घडी घालून बंद केलेले पाकीट ३८ गुणिले ३० गुणिले ८ सेंटिमीटर असेल, तर ते ९,१२० घन सेंटिमीटर, म्हणजे साधारण ०.३२ घनफूट होते. उदाहरणापुरता दर महिन्याला घनफुटामागे ४५ रुपये धरू. एका चादरीला महिना साडेचौदा रुपये पडतात, आणि सहा महिन्यांचे ८७ रुपये होतात. तुमची चादर ७४९ रुपयांना विकली जाते, कमिशन, डिलिव्हरी व कर जाऊन हातात समजा ५२० रुपये येतात आणि तिचा उत्पादन खर्च ४३० रुपये आहे असे धरले, तर नफा ९० रुपयांचा होता. तो ऑगस्ट ते जानेवारीच्या साध्या भाड्यातच संपला आहे. नव्या आकाराची सूचना स्वतंत्र ओळ म्हणून आली म्हणून ती नजरेत भरली. आधीची सहा महिन्यांची रक्कम मात्र प्रत्येक हप्त्यातून कापली जात होती आणि तिकडे बहुधा कोणाचे लक्ष गेले नाही. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या कारखानदारांत हे फार आढळते. बँकेत जमा झालेली रक्कम ते पाहतात, पण कपातीचा तपशील उघडत नाहीत.

गेलेले ८७ रुपये आणि चादरीचा ४३० रुपये खर्च, हे दोन्ही आता निर्णयातून बाजूला ठेवा. चादर ठेवली काय किंवा परत आणली काय, ते पैसे गेलेलेच आहेत. ‘मुद्दल तरी निघू दे’ या हट्टापायी माल आणखी वर्षभर तिथे ठेवणारे व्यापारी मी पाहिले आहेत, आणि शेवटी त्यांच्या हातात मुद्दलाचा निम्मा भागही उरत नाही. यापुढे काय मिळेल आणि यापुढे काय खर्च होईल, एवढीच तुलना करायची.

परत आणली तर काय मिळेल? सोलापूरच्या विक्रेत्याची बाजू इथे मुंबई-दिल्लीच्या विक्रेत्यापेक्षा भक्कम आहे. त्यांच्याकडे परत आलेला माल भाड्याच्या खोलीत जातो. तुमच्याकडे तो कारखान्याच्या शेडमध्ये उतरतो आणि चाटी गल्लीतला किंवा पूर्व भागातला घाऊक व्यापारी जुन्या नक्षीची पण कोरी चादर घ्यायला तयार असतो. तो ३८० रुपये देईल असे धरू. परत पाठवण्याचा नगामागचा आकार, ट्रान्सपोर्ट आणि हमाली मिळून ४५ रुपये वजा केले की हातात ३३५ राहतात.

ठेवली तर काय मिळेल? ५२० रुपये मिळतील, पण ती विकली जाईल तेव्हा, आणि तोपर्यंत दर महिन्याला भाडे अधिक जादा आकार जात राहील. जादा आकार भाड्याइतकाच आहे असे गृहीत धरले तर महिन्याला २९ रुपये होतात. त्यात अडकलेल्या ३३५ रुपयांवरचे महिन्याचे सुमारे ५ रुपये व्याज मिळवा, कारण सूत उधारीवर घेणाऱ्याला पैसा फुकट नसतो. महिन्याचा एकूण भार ३४ रुपये झाला. ५२० आणि ३३५ मधला फरक १८५ रुपये. त्याला ३४ ने भागले की साडेपाच महिन्यांच्या आसपासचे उत्तर येते. जो नग साडेपाच महिन्यांच्या आत विकला जाईल तो तिथेच ठेवणे फायद्याचे, आणि त्याहून जास्त काळ लागणारा नग परत आणणे फायद्याचे. जादा आकार लागू झाला म्हणजे माल लगेच काढलाच पाहिजे, असा समज या आकड्यापुढे टिकत नाही.

आता हे नक्षीला लावून पाहा. ज्या नक्षीचे ३० नग शिल्लक आहेत आणि महिन्याला १२ जातात, तिचा शेवटचा नगही अडीच महिन्यांत जाईल. तिला हात लावू नका. ज्या नक्षीचे ५० नग आहेत आणि महिन्याला दोनच जातात, तिचा पन्नासावा नग जायला दोन वर्षे लागतील. साडेपाच महिन्यांत तिचे ११ नग जातील, म्हणून १० ठेवा आणि ४० परत मागवा. विक्रीचा वेग मोजताना मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरचे आकडे मिसळू नका. चादरीची मागणी थंडीबरोबर ओसरते, त्यामुळे फेब्रुवारीनंतरचा वेग गेल्या तीस दिवसांच्या वेगापेक्षाही थोडा कमी धरलेला बरा.

टॉवेलच्या बाबतीत निकाल वेगळा लागतो, आणि तुमच्या पत्रात मला सर्वांत काळजीची बाब तीच वाटते. तुम्ही टॉवेलचा सेट पुठ्ठ्याच्या खोक्यात दिला आहे आणि त्याचे माप ४० गुणिले ३० गुणिले १२ सेंटिमीटर लिहिले आहे. म्हणजे १४,४०० घन सेंटिमीटर, अर्धा घनफूट. ४९९ रुपयांच्या सेटला महिन्याला २३ रुपये भाडे आणि तेवढाच जादा आकार, मिळून ४६ रुपये, व्याज धरून जवळपास ४९. विकून हातात ३३० आणि परत आणून खर्च वजा जाता २१० मिळतात असे धरले, तर फरक १२० रुपयांचा, म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांचा. चादर टॉवेलपेक्षा महाग आहे म्हणून ती आधी वाचवावी असे सहज वाटते, पण गोडाऊनचे भाडे किमतीवर लागत नाही, जागेवर लागते. कमी किमतीचा आणि जास्त जागा अडवणारा माल सर्वांत आधी परत यायला हवा. २२० सेटांपैकी तुमच्या वेगाने अडीच महिन्यांत जातील तेवढे ठेवून बाकीच्यांचा अर्ज याच आठवड्यात द्या.

टॉवेलच्या परतीला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे लग्नसराई. आहेराचे टॉवेल-टोपी घेणारा गिऱ्हाईक ऑनलाइन एक-एक सेट मागवत बसत नाही. तो दुकानातून डझनाने उचलतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल सोलापुरात असेल तर पुढच्या लग्नतिथींसाठी तो खपवता येतो. मेअखेरीस परत आला तर मी वर धरलेला भाव मिळणार नाही. परतीच्या मालाला गोडाऊनमधून बाहेर पडून तुमच्या दारात यायला काही आठवडे लागू शकतात, हे लक्षात घेऊन तारीख ठरवा.

अर्ज देण्याआधी पॅनेलवर तीन गोष्टी तपासा. पहिली, शिल्लक मालापैकी किती नग प्रत्यक्षात विक्रीस उपलब्ध आहेत. लिस्टिंग (मालाचे विक्रीचे पान) बंद पडलेली असेल, फोटो किंवा एचएसएन कोडमुळे (करासाठी मालाचा वर्ग सांगणाऱ्या क्रमांकामुळे) अडकलेली असेल, किंवा ग्राहकाने परत केलेला नग खराब म्हणून बाजूला ठेवला असेल, तर तो नग विकला जाणे शक्यच नसते, पण भाडे मात्र पूर्ण लागते. असे नग कोणताही हिशेब न करता आधी काढावेत किंवा लिस्टिंग दुरुस्त करून चालू करावेत. ‘माल जात नाही’ या तक्रारीमागे कधी कधी एवढेच कारण निघते.

दुसरी गोष्ट एसकेयूची, म्हणजे साठ्यात प्रत्येक वाणाला दिलेल्या ओळख-क्रमांकाची. आपल्याकडे मागाच्या प्रत्येक लॉटला रंगाची छटा किंचित वेगळी येते, म्हणून अनेक जण नव्या लॉटला नवा एसकेयू उघडतात. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी मालाचे वय ‘आधी आलेला माल आधी गेला’ या पद्धतीने मोजतात. फळीवरून प्रत्यक्ष कोणता नग उचलला याने फरक पडत नाही. तुम्ही डिसेंबरमध्ये त्याच एसकेयूखाली नवा माल पाठवला असेल, तर त्यानंतरची प्रत्येक विक्री ऑगस्टच्या खात्यातून वजा होते आणि जुना माल आपोआप कमी होतो. पण त्याच चादरीला दुसरा एसकेयू दिला असेल, तर नव्याची विक्री नव्यातून वजा होते आणि जुना तसाच म्हातारा होत राहतो. छटा खरोखर वेगळी दिसत असेल तरच वेगळा एसकेयू करा, नाहीतर एकच ठेवा.

तिसरी गोष्ट मापाची. गोडाऊनने तुमच्या पाकिटाचे नोंदवलेले माप आणि तुमच्या फूटपट्टीचे माप जुळते का ते पाहा. फुगलेल्या पिशवीचे माप घेतले गेले असेल तर फेरमोजणीची विनंती करता येते. टॉवेलचे खोके काढून साधी घट्ट पिशवी केली आणि माप ३४ गुणिले २६ गुणिले ९ वर आणले, तर अर्ध्या घनफुटाचे ०.२८ घनफूट होते, म्हणजे भाडे जवळजवळ निम्म्यावर येते. हवा ओढून घेणाऱ्या पिशव्यांबद्दल मी थोडा सावध आहे : टेरीचे लूप दबतात, धुतल्यावर ते पुन्हा उठतात हे खरे, पण ग्राहक टॉवेल हातात घेतो तो धुण्याआधी. जकार्ड (विणीतच नक्षी असलेल्या) चादरीत तर आधीच हवा फारशी नसते, तिथे त्या पिशवीचा खर्च वाया जातो.

भाव पाडण्याबद्दल. ७४९ ची चादर ५९९ ला लावली तर हातात ५२० ऐवजी साधारण ३९० येतील. ३३५ च्या तुलनेत फरक उरला ५५ रुपयांचा, म्हणजे दीड महिन्याच्या भाराइतका. सवलत दिल्यावर माल दीड महिन्यात संपणार असेल तरच ती द्या. महिन्याला दोन जाणारी नक्षी सवलतीने चारवर गेली तर त्याचा काही उपयोग नाही, कारण ५० नगांना तरीही वर्ष लागते. शिवाय चालत्या नक्षीच्या लिस्टिंगवर भाव उतरवला की पूर्ण भावाने गेले असते तेही नग सवलतीत जातात. म्हणून सवलत द्यायची तर मधल्या वेगाच्या नक्षींना, ठरावीक मुदतीच्या कूपनने द्या, आणि पंधरा दिवसांत वेग दुप्पट झाला नाही तर ती बंद करून परतीचा अर्ज द्या.

परतीच्या वाहतुकीची कागदपत्रे तुमच्या बाबतीत सोपी आहेत, कारण भिवंडी महाराष्ट्रात आहे आणि ते गोडाऊन तुमच्या सोलापूरच्याच जीएसटी नोंदणीत व्यवसायाची अतिरिक्त जागा म्हणून दाखवलेले असणार. एकाच नोंदणीतल्या दोन जागांमध्ये माल हलला तर कर लागत नाही, डिलिव्हरी चलन पुरते. राज्यांतर्गत ई-वे बिलाची (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या कागदाची) मर्यादा महाराष्ट्रात १ लाख रुपये आहे, त्यामुळे एका खेपेत त्याहून जास्त किमतीचा माल असेल तर ते लागेल. हैदराबादच्या गोडाऊनला माल पाठवणाऱ्यांनी मात्र सावध असावे, आणि सोलापूरकरांत असे बरेच आहेत. तिथे तेलंगणची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि कायद्याच्या दृष्टीने ती नोंदणी व तुमची इथली नोंदणी या दोन भिन्न व्यक्ती ठरतात. माल परत आणताना तिकडून इकडे कराचे बिल करावे लागते. हा भरलेला कर पुढे तुमच्या देय करातून वजावट म्हणून मिळतो, पण तोपर्यंत रोख अडकते.

माल दारात आला की पेट्या त्याच दिवशी फोडा. वेगवेगळ्या नक्षी एकाच पेटीत येतात, ग्राहकांनी परत केलेले नग कोऱ्या नगांत मिसळलेले असतात, आणि काही पिशव्या फाटलेल्या असतात. नग कमी भरले तर दावा करण्याची मुदत ठरलेली असते, म्हणून पेटी उघडताना व्हिडिओ घेऊन ठेवा.

नष्ट करण्याचा पर्याय वरवर सर्वांत स्वस्त दिसतो, कारण त्याचा नगामागचा आकार परतीपेक्षा अनेकदा कमी असतो. पण सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याच्या कलम १७(५)(ज) नुसार, इंग्रजी मसुद्यात जे ‘एच’ उपकलम आहे त्याप्रमाणे, नष्ट झालेल्या, हरवलेल्या, खर्ची टाकलेल्या किंवा भेट म्हणून दिलेल्या मालावर घेतलेली कराची वजावट परत करावी लागते. सूत, रंगाई, पॅकिंग यांवर जी वजावट तुम्ही घेतली, तिचा त्या नगांपुरता भाग उलटवावा लागेल. दान केले तरी हाच नियम लागतो. याउलट डाग पडलेला टॉवेल सेकंड म्हणून अगदी पडत्या भावात बिल करून विकला, तर ती विक्रीच असते आणि वजावट शाबूत राहते. ज्या गावात सेकंड मालालाही गिऱ्हाईक आहे तिथे कोरा माल नष्ट करायला सांगण्याचे कारण मला दिसत नाही. फाटलेल्या किंवा वास लागलेल्या मोजक्या नगांपुरताच तो पर्याय ठेवा, आणि तो आकडा तुमच्या सीएला कळवा.

राहिला पुढच्या ऑगस्टचा प्रश्न. तुम्ही लिहिले आहे की एकदम सगळा माल पाठवल्याने ट्रान्सपोर्टमध्ये नगामागे चार-पाच रुपये वाचले. ते खरे असेल, पण चादर एक महिना जास्त पडून राहिली की साडेचौदा रुपये जातात, म्हणजे ती बचत पहिल्या दहा दिवसांतच संपते. माझ्या हाताखालच्या खात्यांवर मी चालत्या नक्षींचा ३० ते ४५ दिवसांचाच माल गोडाऊनला ठेवतो आणि दर पंधरवड्याला भर घालतो. दिवाळीआधी हा काळ ६० दिवसांपर्यंत वाढवतो, कारण सणाच्या तोंडावर गोडाऊनमध्ये माल उतरवण्याची वेळ मिळणे कठीण होते. मालाचा ढीग साचू देण्याचा आणखी एक तोटा म्हणजे पुढच्या हंगामात मिळणारी जागा कमी होऊ शकते. ॲमेझॉन साठ्याच्या व्यवस्थापनाला ० ते १००० गुण देते, आणि त्यात गेल्या ९० दिवसांची विक्री सरासरी साठ्याच्या तुलनेत किती आहे हे पाहिले जाते. पडून राहिलेल्या २२० सेटांमुळे तुमच्या चालत्या चादरींना ऐन सप्टेंबरमध्ये जागा कमी पडू शकते. सोलापूरकरांपैकी जे टॉवेल थेट अमेरिकेच्या गोडाऊनला पाठवतात, त्यांच्यासाठी तर ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत तिथले साधे भाडेच एरवीच्या साधारण तिप्पट असते.

महिन्याला दोन-चार जाणाऱ्या नक्षी बंद करण्याची गरज नाही. त्या तुमच्या अक्कलकोट रोडच्या शेडमधूनच विकायला ठेवा. बाजारपेठेचा माणूस ऑर्डरनुसार पिकअप करतो, साठवणुकीचा आकार लागत नाही आणि न खपलेला नग केव्हाही दुकानदाराला देता येतो. लवकर पोहोचण्याची खूण त्या लिस्टिंगवर दिसणार नाही आणि विक्री थोडी कमी होईल, पण मंद चालीच्या नक्षीला त्याने फारसा फरक पडत नाही. फक्त पाठवणीचे दिवस खरे लिहा आणि सुट्ट्या पॅनेलवर आधीच नोंदवा. विशेषतः संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक असते आणि शहरातले रस्ते बंद असतात, तेव्हा पिकअप चुकला तर उशिराचा ठपका तुमच्याच खात्यावर येतो.